अर्धी पिवळी रेघ

पंपांच्या कारखान्यात एकतीस वर्षं शेवटच्या तपासणीच्या टेबलावर बसलेली बाई निवृत्त झाली, आणि पहिल्याच आठवड्यात तिने घरातल्या झाडून सगळ्या स्क्रूंवर पिवळी रेघ मारली. कुकरच्या दांडीवर, पंख्याच्या नटावर, दाराच्या बिजागरीवर. कारखान्यातली पद्धतच ती होती. बोल्ट नीट आवळला, तपासला, की त्याच्या डोक्यावरून निघून खालच्या धातूपर्यंत ऑइलपेंटची एक बारीक सरळ रेघ ओढायची. पुढे कधी तो बोल्ट केसभर जरी फिरला, तरी रेघ मोडते आणि चार हातांवरून दिसतं. म्हणून तिला सगळे रेघताई म्हणत. हजेरीपटावर जे काही नाव असेल ते तिथेच राहिलं.

तिचा नवरा शिंपी. घरातच पुढच्या खोलीत मशीन टाकून बसायचा. मशीनच्या पायट्यावर तीन रेघा, कात्रीच्या खिळ्यावर एक, आणि एके दिवशी बघतो तर चष्म्याच्या दोन्ही काड्यांवर एकेक पिवळा ठिपका.

"आता माझ्या कानांवर पण मार," तो म्हणाला. "म्हणजे कुणी पिळले तर तुला कळेल."

"तुमचे कान एकतीस वर्षांत कुणी पिळले नाहीत, तिथेच तर चुकलं," रेघताई म्हणाली आणि डबीचं झाकण लावलं.

ती निवृत्त झाली त्याच वर्षी कारखान्याकडे जाणारी सकाळची बस बंद झाली. पहिल्या पाळीचं फाटक सातला बंद होतं. तिच्या जुन्या खात्यातल्या आठ जणी त्याच वस्तीत राहायच्या. कुणी चालत, कुणी कुणाच्या मागे बसून, धापा टाकत पोचायच्या. महिन्यात तिसऱ्यांदा उशीर झाला की पाळी बुडाली. रेघताईने आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नव्हती. अठ्ठावन्नाव्या वर्षी तिने ड्रायव्हिंगच्या शाळेत नाव घातलं. शिकवणारा म्हणाला, "आजी, घरी कुणी नाही का चालवणारं?" ती म्हणाली, "आहे ना. मी." पहिल्या परीक्षेत नापास झाली, दुसऱ्यांदा पास झाली, आणि एक जुनी पांढरी व्हॅन घेऊन आली. घेतल्या घेतल्या दोन दिवस खपून तिने बोनेटखाली चौसष्ट रेघा मारल्या. मोजून चौसष्ट.

दीड वर्ष व्हॅन घड्याळासारखी चालली. साडेसहाला पाण्याच्या टाकीजवळून सुटायची, सातला दहा कमी असताना फाटकाशी. मधे एक लांबलचक चढ होता. तिथे आठांतल्या सात जणी सवयीने बोलायच्या थांबायच्या, जणू आपण गप्प बसलो की वजन कमी होतं. फक्त एकजण थांबायची नाही. तिचं नावच रेडिओ पडलं होतं.

मग मागचे ब्रेक किंचाळायला लागले. एका गुरुवारी रेघताईने व्हॅन डॉक्टरकडे नेली.

डॉक्टर म्हणजे गॅरेजवाला. हातभर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला लावायचा, मूठ कानाला लावायचा, आणि डोळे मिटून आतला आवाज ऐकायचा. बहुतेक वेळा त्याचं निदान बरोबर निघायचं, म्हणून डॉक्टर. माणूस सचोटीचा, पण भारी मानी. मदतीला त्याचा मेहुणा होता, बायकोचा सख्खा भाऊ. चाळिशीचा, हाताला चलाख, फक्त एक काम पुरं करण्याआधी तीन सुरू करायचा.

संध्याकाळी ब्रेक झाले. रेघताईने मागची दोन्ही चाकं बघितली, नट बघितले, ब्रेक दाबून बघितला. उत्तम काम. गाडी घेऊन घरी आली.

पुढच्या बुधवारी त्याच चढावर, निम्म्यात, तापमानाचा काटा सरसर वर चढला. मागे खडीचा ट्रक होता, डाव्या हाताला भिंत. थांबायला जागाच नव्हती. दोन मिनिटं तशीच नेली, वर मोकळी जागा दिसताच बंद केली. बोनेटमधून वाफेचा लोट उठला.

"उतरा गं, उतरा!" रेडिओ ओरडली. आठही जणी पळत सुटल्या, आणि आठही जणींना पोचायला सात वाजून बारा मिनिटं झाली. ब्रेकच्या गुरुवारी चालत जाताना चौघींना उशीर झाला होता, त्यांचा हा महिन्यातला दुसरा.

संध्याकाळी रेडिओ घरी आली. पाणी प्यायली, पदराशी चाळा केला, आणि जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात बोलली. "ताई, टेम्पोवाला विचारतोय. सोमवारपासून येतो म्हणाला. तोवर पहाटे निघून चालत जाऊ. आम्ही त्याला नाही म्हटलेलं नाही. तुझी गाडी सोमवारी आली तर आम्ही तुझ्याच. नाही आली तर..."

"नाही आली तर जा," रेघताई म्हणाली. "तुमची नोकरी आहे, माझी हौस नाही." रेडिओ गेली. दीड वर्षापूर्वी तिच्या गाडी शिकण्याला जे हसले होते ते पुन्हा हसतील, याचं तिला काही नव्हतं. पण सकाळी साडेसहाला पाण्याच्या टाकीजवळ आठ बायका उभ्या असतील आणि त्या दुसऱ्याच गाडीत चढतील, हे चित्र काही डोळ्यांसमोरून हलेना.

गुरुवारी सकाळी दोरी बांधून ओढत व्हॅन गॅरेजात आली. डॉक्टरने ऑइलची पट्टी ओढून बघितली. ऑइल दूध घातलेल्या चहासारखं झालं होतं.

"हेड गॅस्केट गेलं, ताई, इंजिनाच्या दोन ठोकळ्यांमधली पट्टी. पाणी ऑइलात मिसळलंय. हेड, म्हणजे वरचा ठोकळा, तोही वाकला असणार. म्हणजे इंजिन उतरवायचं काम."

"पण तापली का?"

"वय झालं गाडीचं. त्यात तापल्यावरही तुम्ही चालवलीत."

"दोन मिनिटं. मागे ट्रक होता."

"दोन मिनिटं पुष्कळ झाली." डॉक्टरने पाना उचलला. "बहुतेक थर्मोस्टॅट अडकला असेल. पाण्याच्या वाटेतली ती झडप. पाणी तापलं की उघडायला हवी, ती कधीकधी रुसते. उघडून दाखवतो."

"सहा महिन्यांपूर्वी नवी घातलीय मी. थांबा! हात लावू नका."

डॉक्टर पाना हातात तसाच धरून थांबला. रेघताई बोनेटखाली वाकली. त्या झडपेवर एक धातूचं झाकण असतं, दोन बोल्टनी इंजिनाला बसवलेलं. तिने चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला. इंजिनाच्या अंगावर तिच्या दोन पिवळ्या रेघा होत्या. सरळ वर येत होत्या, झाकणाच्या सांध्यापर्यंत. आणि तिथे सुरीने कापल्यासारख्या संपल्या होत्या. झाकणावर काही नाही. बोल्टच्या डोक्यांवरही काही नाही.

"हे झाकण माझं नव्हे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"माझी रेघ बोल्टवरून निघते, झाकणावरून उतरते आणि इंजिनावर येते. ही बघा, अर्धी रेघ इथे आहे. वरची अर्धी कुठेय?"

डॉक्टर हसला. "रंग आहे तो ताई, उडाला असेल. इथे उष्णता किती असते!"

"मग खालचा का नाही उडाला? उष्णता काय सांधा बघून थांबली?"

डॉक्टरचं हसू मावळलं. "ताई, तुमचं काम मागच्या चाकांचं होतं. तुमचं बोनेट आम्ही उघडलेलंसुद्धा नाही. विचारा याला." त्याने शेजारच्या गाडीखाली बघून हाक मारली, "काय रे, ताईंचं बोनेट उघडलं होतंस का?"

गाडीखालून मेहुण्याचे फक्त पाय दिसत होते. इतका वेळ एक पाय कुठल्याशा तालावर हलत होता. तो थांबला. "नाही भाऊजी!" आतून आवाज आला.

रेघताईने ते पाय बघितले. पण थांबलेला पाय म्हणजे पुरावा नव्हे, हे तिला एकतीस वर्षांत पक्कं ठाऊक झालं होतं. टेबलावर संशय चालत नाही, माप लागतं.

"वीस वर्षं झाली हे गॅरेज उघडून," डॉक्टर म्हणाला, आणि आता त्याचा आवाज चढला होता. "एकाचा भाग दुसऱ्याच्या गाडीला इथे लागत नाही. ती वरची अर्धी रेघ मला दाखवा. दाखवलीत तर अख्खं इंजिन मी माझ्या हाताने उतरवून बांधून देतो, एक पैसा न घेता. नाही दाखवलीत तर हे बोलणं या शटरच्या बाहेर न्यायचं नाही."

"कबूल," रेघताई म्हणाली. "तोवर त्या झाकणाला कुणी हात लावायचा नाही." आणि जाताना बोनेट बंद करून त्याच्या फटीवर तिने डबीतली एक रेघ ओढली. डॉक्टरने कपाळावर हात मारला.

घरी येऊन ती मशीनजवळच्या स्टुलावर बसली. नवरा कॉलर उलटवत होता.

"माझं चुकलं," ती म्हणाली.

नवऱ्याने मशीन थांबवलं. हे वाक्य या घरात फार वेळा ऐकू येत नसे.

"गाडी परत घेताना बोनेट उघडून बघितलं नाही मी. मागचं काम होतं म्हणून मागचंच बघितलं. कारखान्यात नव्या पोरींना ओरडून सांगायचे, जे दुरुस्त केलं तेवढंच बघू नका, जिथे हात पोचू शकतो ते सगळं बघा. आणि मीच..."

नवऱ्याच्या जिभेवर एक टोमणा आला होता. त्याने तो गिळला. कॉलरचा तुकडा हातात धरून तो म्हणाला, "हे बघ. कापड कापलं की त्याचा जोड हवेत विरत नाही. तो कुणाच्या तरी अंगावर असतो. तुझं झाकण आत्ता कुठल्यातरी गाडीत बसून फिरतंय. तुझ्यासारखीच गाडी, आणि त्या गुरुवारी तिथे आलेली. शोध."

ती उठली. चहासुद्धा न घेता.

गॅरेजसमोर पंक्चरवाला बसायचा. पाण्याच्या टबात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधता शोधता त्याला अख्ख्या रस्त्याची खबर असायची.

"त्या गुरुवारी माझ्यासारखी पांढरी व्हॅन आली होती का हो इथे?"

"आली होती की! वाफा सोडत आली. बेकरीवाल्याची. चढावर बंद पडली होती म्हणून नुसता नाचत होता, पाव पोचवायचे राहिले म्हणून. तासाभरात गेली पण. बरी होऊन गेली."

"त्या तासाभरात डॉक्टर होता?"

"डॉक्टर सुटे भाग आणायला गेलेला. मेहुणाच होता एकटा." बुडबुडा सापडल्यासारखा पंक्चरवाल्याचा चेहरा उजळला. "का हो, काय झालं?"

"अजून काही नाही," रेघताई म्हणाली आणि बेकरीची वाट धरली.

बेकरीवाला गाडीत ट्रे चढवत होता. तिचं म्हणणं ऐकून तो गाडीच्या पुढे जाऊन उभा राहिला, लेकराला पाठीशी घालावं तसा.

"ताई, दोन महिने हिने माझ्या नाकी नऊ आणले होते. आता कुठे बरी झालीय. तिच्या पोटात हात घालू नका."

"हात नाही घालत. नुसतं बघते."

"बघता बघता लोक काढून नेतात."

"अहो, पाव नाहीये तो, काढून न्यायला. आणि ऐका. तुमच्या गाडीत जो भाग बसलाय तो माझा असेल, तर तुमचा आजारी भाग माझ्या गाडीत आहे. माझी गाडी त्यापायी बंद पडलीय. आठ बायकांची पाळी बुडायला आलीय. तुमच्या गाडीला आजवर नवा भाग कुणी दिलेलाच नाही. तो द्यायला लावीन मी. हा शब्द माझा."

बेकरीवाला क्षणभर घुटमळला. मग पुटपुटत त्याने बोनेट उघडलं.

रेघताईने टॉर्च लावला. झाकणाच्या दोन्ही बोल्टवर पिवळी रेघ होती, पण दोन्ही बोल्ट भलत्याच कोनात आवळलेले, त्यामुळे रेघा तिरक्या तोंडाने एकमेकींकडे पाठ फिरवून बसलेल्या. त्याखाली झाकणावर त्या उतरल्या होत्या, सांध्यापर्यंत. आणि खाली बेकरीवाल्याचं इंजिन कोरं.

तिने फक्त टॉर्च बेकरीवाल्याच्या हातात दिला. त्याने बघितलं, तिच्या बोटाला लागलेला पिवळा रंग बघितला, पुन्हा आत बघितलं.

"बसा," तो म्हणाला. "पाव नंतर पोचवू."

बेकरीवाल्याची व्हॅन गॅरेजात शिरली तेव्हा आत ताज्या पावाचा वास भरला. रेघताईने ती आपल्या व्हॅनच्या बरोब्बर समोर, नाकाला नाक लावून उभी करायला लावली. मग आपल्या बोनेटवरची रेघ शाबूत असल्याचं डॉक्टरला दाखवलं आणि दोन्ही बोनेट उघडली. पंक्चरवाला टब सोडून दारात येऊन उभा राहिला होता.

"या डॉक्टर. आधी इकडे बघा, मग तिकडे."

डॉक्टरने इकडे बघितलं. खालची अर्धी रेघ. तिकडे बघितलं. वरची अर्धी. तो पुन्हा इकडे आला, पुन्हा तिकडे गेला. मग खिशातून फडकं काढून त्याने बेकरीवाल्याच्या झाकणावरची रेघ घासून बघितली. रंग हलला नाही. तो तसाच वाकून राहिला, आणि वाकूनच म्हणाला, "बाहेर ये."

गाडीखालून मेहुणा आला. त्याला आता कुठे बघावं ते कळेना.

"फक्त लावून बघत होतो भाऊजी. बेकरीवाल्याच्या गाडीचा थर्मोस्टॅटच गेलाय की आणखी काही, ते कळायला ताईंच्या गाडीतला लावला. झाकणासकट, पटकन व्हावं म्हणून. बरोबर निघालं. गाडी थंड झाली."

"मग परत का नाही लावला?"

"हे घाई करत होते. म्हटलं जाऊ दे यांना, यांचा बिघडलेला तात्पुरता ताईंच्या गाडीत बसवतो, उद्या नवा आणून बदलतो."

"उद्या?"

"विसरलो."

"सहा दिवस उद्याच उजाडत होता का रे?" बेकरीवाला म्हणाला.

"भाऊजी, ताईला सांगू नका," मेहुणा बहिणीच्या धाकाने काकुळतीला आला.

"घरच्या ताईचं बघू नंतर. आधी या ताईंसमोर उभा राहा, कान पकड," डॉक्टर म्हणाला. मग तो एका जुन्या टायरवर बसला. त्याने हातातल्या फडक्याची घडी घातली, उलगडली. शेवटी मान वर केली. "ताई, गाडीचं वय झालं म्हणालो मी. तुम्ही चालवत राहिलात असंही म्हणालो. दोन्ही शब्द मागे घेतो. चूक माझ्या गॅरेजची आहे."

रेघताईला वाटलं होतं या क्षणी आपण एखादं जिव्हारी लागेल असं वाक्य बोलू. येताना रस्त्याने तिने तीन तयार केली होती. त्यातलं एकही तोंडात आलं नाही. "सोमवारी साडेसहाला ती टाकीजवळ हवी," ती एवढंच म्हणाली. "आणि यांना नवा थर्मोस्टॅट. माझा शब्द गेलाय."

डॉक्टर उठला आणि बाह्या सरसावल्या.

शुक्रवार, शनिवार, रविवार. शब्दाला जागून डॉक्टरने इंजिन स्वतः उतरवलं. मेहुणा दोन नवे थर्मोस्टॅट घेऊन आला, आणि गॅसवर पातेल्यात पाणी उकळून दोन्ही त्यात सोडून, झडप उघडते की नाही ते सगळ्यांसमोर दाखवायला लागला. रेघताई स्टूल टाकून बसली होती. शनिवारी डॉक्टरने हेड पुसून त्यावरून हात फिरवला. "वाकलं नाही हो फारसं. चालून जाईल."

"फारसं म्हणजे किती?"

"डोळ्याला दिसत नाही."

"डोळा हे माप कधीपासून झालं? सरळ पट्टी आणा. आणि फटी मोजायच्या पात्यांचं फिलर गेज."

पट्टी हेडवर आडवी ठेवली. तिने फिलर गेजची सगळ्यात पातळ पाती फटीत सरकवली, मग त्याहून जाड, मग त्याहूनही जाड. ती पण गेली. डॉक्टरने पातीवरचा आकडा वाचला, हेड पोत्यात गुंडाळलं, आणि घासून सपाट करून आणायला लेथवाल्याकडे स्वतः घेऊन गेला. परत आला तेव्हा म्हणाला, "तुम्ही बोलला नसतात तर महिन्यात पुन्हा गेलं असतं. आणि पुन्हा मी तुमच्याच वयावर ढकललं असतं."

"गाडीच्या," रेघताई म्हणाली.

"गाडीच्याच म्हणतोय!"

रविवारी दुपारी इंजिन चालू झालं. डॉक्टरने स्क्रूड्रायव्हर कानाला लावला, डोळे मिटले, आणि मग एक गोष्ट केली जी त्याने आजवर कुणासाठी केली नव्हती. स्क्रूड्रायव्हर रेघताईच्या हातात दिला. "ऐका."

तिने ऐकलं. आत काहीतरी एकसारखं, गोल गोल, तक्रार न करता फिरत होतं.

सोमवारी सहा वाजता ती बाहेर आली तर दारात डॉक्टर उभा. आंघोळ करून, भांग पाडून. "चढावर काटा कुठे राहतो ते मला बघायचंय," तो म्हणाला आणि पुढच्या सीटवर बसला.

पाण्याच्या टाकीजवळ टेम्पो आधीच लागला होता. टेम्पोवाला मागची फळी खाली टाकून, टेम्पोला कोपर टेकवून, बायकांना चढायला सांगत होता. आठही जणी उभ्या होत्या, पण कुणी पाय उचललेला नव्हता. वळणावर पांढरी व्हॅन दिसली.

"आली गं!" रेडिओचा आवाज टाकीपलीकडे गेला असेल. टेम्पोवाल्याकडे कुणी वळूनही बघितलं नाही. धडाधड दार उघडलं, आणि मग पुढच्या सीटवरचा माणूस दिसला.

"अगंबाई, डॉक्टर पण? कुणी आजारी आहे का?"

"नाही गं, स्वतःच तपासून घ्यायला आलेत."

"डॉक्टर, मागे बसा की, आमच्यात. वजन मागे असलं की चढ सोपा जातो."

"उतरवूया का यांना रस्त्यात? चालत येतील, आम्ही गेलो होतो तसे."

डॉक्टर पुढे बघत बसला होता, कान लाल झालेले, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. चढ सुरू झाला. सवयीने सगळ्या गप्प झाल्या. या खेपेला रेडिओसुद्धा. रेघताईने गिअर बदलला. काटा मधोमध आला, आणि तिथेच राहिला. निम्मा चढ संपला. मागे खडीचा ट्रक हॉर्न वाजवत होता. काटा मधोमध.

वर पोचल्यावर आठही जणींनी एकदम श्वास सोडला आणि एकदम बोलायला लागल्या.

सातला बारा कमी असताना व्हॅन फाटकाशी थांबली. रखवालदाराने घड्याळ बघितलं, मग गाडी बघितली. बायका उतरल्या, डबे सांभाळत आत गेल्या. रेडिओ मात्र परत आली, खिडकीतून आत डोकावली. "ताई, टेम्पोवाल्याला काय सांगू?"

रेघताईने गाडी उलट घ्यायला आरशात बघितलं. "सांग, बायकांना चढायला फळी लागत असेल तर तो टेम्पो वाळूसाठी ठेव म्हणावं."

डॉक्टर इतक्या मोठ्याने हसला की रखवालदाराने चमकून फाटक दहा मिनिटं आधीच बंद केलं, आणि लगेच पुन्हा उघडलं.